थोरलीचं नाणं

माई,

काल तुझं तेरावं झालं. तुझ्या माहेरच्या बायका पंगत आटोपून संध्याकाळच्या एसटीने निफाडकडे परत गेल्या. जाताना एकेकीने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि "पोरकी झालीस गं बाई" म्हणून डोळ्यांना पदर लावला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांना काय सांगणार? पोरकेपणाचा तोरा तर मी तू असतानाच मिरवत होते.

सगळे गेल्यावर दादांनी देव्हाऱ्यातलं ते सोन्याचं नाणं उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. म्हणाले, "विजू, आता तरी घे. आता भांडायला कोणी नाही."

भांडायचे मीच गं. तू कुठे भांडायचीस! तू "बरं" म्हणायचीस आणि दूध उतू जातंय का बघायला आत जायचीस. आणि हे एक आधीच सांगून टाकते. समोर असताना मी तुला जन्मभर अहो-जाहो केलं. लोकांना तो मान वाटायचा. तो मान नव्हता, मध्ये घातलेलं कुंपण होतं, हे तुला ठाऊक होतं आणि मलाही. आज लिहायला बसले तर हाताला 'तुम्ही' येईना. उशीर झाला आहे, कळतंय मला.

तू या घरात आलीस तेव्हा मी दुसरीत होते. आईला जाऊन वर्ष उलटल्यावर दादांनी तुझ्याशी दुसरं लग्न केलं होतं. पंचवटीतल्या आपल्या दोन खोल्यांत तेव्हा दादा, मी आणि स्टोव्हवर करपलेल्या भाताचा वास एवढंच होतं. आईचा लग्नातला एकुलता एक फोटो पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा ट्रंकेतल्या कपड्यांबरोबर लगदा होऊन गेला होता. तू विशी नुकती ओलांडलेली, हातात हिरवा चुडा, बोलण्यात सगळं 'लय' आणि 'नाय'. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या दादांना तू आल्या आल्या विचारलंस, "थोरल्यांचा टाक कुठं हाय?"

दुसरेपणावर दिलेल्या बाईने पहिलीचा टाक देव्हाऱ्यात ठेवायचा, ही तुमच्याकडची रीत. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती. रोज आधी तिला कुंकू लावायचं, मग स्वतःला. नवं लुगडं आणलं तरी आधी तिच्या अंगाला लावायचं, मग नेसायचं. घर तिचं, आपण मागून आलो, हे रोज सकाळी तिच्यापुढे कबूल करायचं.

दादा म्हणाले, "आमच्यात असलं थोतांड नाही."

"तुमच्यात नसंल. माझ्यात हाय," तू म्हणालीस, आणि देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात एक सुपारी मांडून तिलाच कुंकू लावायला लागलीस. दादा हसले. मला मात्र राग आला. माझी आई सुपारी!

तेव्हापासून मी तुझ्यावर जो डूख धरला तो धरलाच. तू खोबरेल तेलाची वाटी घेऊन माझ्या मागे बसायचीस. तुझा हात टाळूला लागला की मी मान अशी झटकायचे की वाटी कलंडायची. "माझं मला येतं," म्हणायचे आणि वाकड्यातिकड्या वेण्या घालून शाळेत जायचे. बाई वर्गात विचारायच्या, "विजया, घरी वेणी घालायला कोणी नाही का?" मी म्हणायचे, "नाही." माई, मी सगळ्या वर्गासमोर नाही म्हणायचे.

मग मामा ते नाणं घेऊन आला. मी तेव्हा आठवीत होते. मामा बोटीवर इंजिनियर, त्यामुळे त्याची प्रत्येक भेट म्हणजे घरात अर्धी दिवाळी. या वेळी त्याने खिशातून एक निळी मखमली डबी काढली. आत पारदर्शक झाकणाखाली बंद्या रुपयाएवढं सोन्याचं नाणं. युरोपात कुठल्याशा थोर इटालियन चित्रकाराच्या स्मरणार्थ काढलेलं. एका बाजूला परकी अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला त्या चित्रकाराचं सगळ्या जगात गाजलेलं चित्र. दोन्ही बाजूंना पडदे सारलेले, मधून एक बाई लेकराला घेऊन ढगांवरून चालत येते आहे, आणि अगदी खाली काठाशी दोन पंखवाली पोरं हनुवटी टेकून वर बघत बसलेली.

"माझ्या बहिणीच्या आठवणीसाठी तुला," मामा म्हणाला. "तुझ्या लग्नात अंगावर घाल. पण कडेला धर हं. चित्रावर बोट लावायचं नाही, झळाळी जाते."

तू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आलीस. "बघू."

कितीतरी वेळ बघत राहिलीस. मग मामाला विचारलंस, "या कोण?"

"मेरी. येशूची आई."

"अनवाणीच निघाली की हो लेकराला घेऊन," तू म्हणालीस. आणि मग आवाज खाली आणून मला विचारलंस, "विजे, तुझी आई अशीच दिसायची का गं?"

मी डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं पोरीला आईच्या आठवणीने भरून आलं. मामाने मला जवळ घेतलं. खरी गोष्ट अशी होती माई, की मला आठवत नव्हतं. मी डोळे मिटून खूप ताण दिला. आईच्या लुगड्याचा काठ आठवला, फोडणीचा वास आठवला, बांगड्यांचा आवाज आठवला. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं. तुझ्या त्या साध्या प्रश्नाने मला हे पहिल्यांदा कळलं, आणि त्याची शिक्षा मी तुला दिली. हे मी कोणालाच बोलले नाही, आणि तुझ्यावर चिडायला मला एवढं एक कारण जन्मभर पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर फळीवर डबी उघडी, आत काही नाही. नाणं देव्हाऱ्यात सुपारीच्या जागी. अंघोळ घातलेलं, ओलं, कपाळावर हळद आणि कुंकू. मी किंचाळलेच.

"ते माझं आहे! मामाने मला दिलंय!"

"तुझंच हाय. मी कुठं नेते? इथंच तर ठेवलंय."

"आणि ती माझी आई नाही! ती येशूची आई आहे!"

"आई हाय ना कुणाची तरी? मग झालं तर."

दादा पेपराआडून मोठ्याने हसले. पुढे कितीदा तरी आल्यागेल्याला त्यांनी हा किस्सा रंगवून सांगितला. नाशकात इटलीची देवी स्थापन झाली म्हणायचे. तूही त्यांच्याबरोबर हसायचीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिला आधी कुंकू लावून मग स्वतःला लावायचीस.

धुळवडीला नाशकात घरोघरी पुजलेले पूर्वजांचे वीर आणि टाक गोदेवर, आपल्या गंगेवर, अंघोळीला जातात, तर तू तिलाही खणात गुंडाळून रामकुंडावर न्यायला लागलीस. एकदा मीही बरोबर होते. शेजारच्या काकूंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर शरणपूरच्या ख्रिस्ती लोकांची! हिला गंगेत काय बुडवतेस?"

"आमच्या थोरल्या हायेत त्या," तू म्हणालीस. "आणि काकू, ऊन काय एकट्या आपल्यालाच लागतं का? त्यांना नको का अंघोळ?"

मला त्या क्षणी तुझा अभिमान वाटला होता. तो मी लगेच गिळून टाकला आणि तुझ्यापासून दोन हात लांब जाऊन उभी राहिले. आपण त्या गावच्याच नाही, असं.

तुला मूल झालं नाही. बायका माझ्यासमोरच बोलायच्या, थोरलीचा कोप आहे, टाक करायला उशीर झाला. तेव्हा मी कॉलेजात होते, नुकत्याच चार बुद्धीच्या गोष्टी वाचल्या होत्या आणि कोणावर तरी चालवून पाहायच्या होत्या. एका सकाळी तू देव्हाऱ्यापुढे पुटपुटत बसली होतीस. मी दारात उभी राहून म्हटलं, "रोज काय मागता हो तिच्याकडे? मूल? तेवढ्यासाठी माझी आई वेठीला धरलीत?"

तुझा हात तिथेच थांबला. तू वळून पाहिलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "ते आमच्या दोघींतलं हाय."

मग उठून दूध बघायला गेलीस. दूध तेव्हा चुलीवर नव्हतंच. ते मला दिसलं, आणि तरीही आपण जिंकलो असं मला वाटलं. कसली जिंकले! पण तुझ्या त्या उत्तराने मी आतून जळायला लागले. माझ्या आईचं आणि तुझं काहीतरी चाललेलं असावं, आणि मी बाहेर! काय मागत होतीस तू? त्यानंतर मी ते कधी विचारलं नाही, पण माझ्या डोक्यातून ते कधी गेलंही नाही.

लग्नात तर मी कळसच केला. मांडवातून निघायच्या वेळी तू नव्या खणात नाणं गुंडाळून आणलंस. सगळ्या बायका जमलेल्या. तू म्हणालीस, "विजे, थोरलीला घेऊन जा. तिनं लेकीबरोबर जायला पायजे." मी खण उलगडला. वर्षानुवर्षांचं हळदकुंकू तेलात बसून त्या बाईच्या चेहऱ्यावर लाल पुटं चढली होती. डोळे नाहीत, नाक नाही, नुसता लाल गोळा.

"चेहरा पुसून टाकलात तुम्ही तिचा," मी सगळ्यांसमोर म्हणाले. "आता मला कशाला देताय? ठेवा तुमचं तुम्हालाच."

तो तू पुसला नव्हतास. माझ्या आत तो केव्हाच पुसला गेला होता. पण ठपका ठेवायला तू समोर उभी होतीस.

तू खण पुन्हा गुंडाळलास. "बरं. तवर मी सांभाळते," म्हणालीस, आणि माझ्या ओटीत नारळ घातलास. डोळे पुसायची वेळ आली ती इतर बायकांवर. तू पाहुण्यांना चिवड्याचे पुडे बांधून देत होतीस.

मनमाडला गेल्यावर मी शाळेत इतिहास शिकवायला लागले. गंमत बघ. आठवीच्या पुस्तकात प्रबोधनकाळाच्या धड्यात तेच चित्र. काळंपांढरं, छपाई बिघडलेली, पण तेच. मी दरवर्षी फळ्यापुढे उभी राहून मोठ्या तोऱ्यात सांगते, "मुलांनो, या काळच्या चित्रकारांनी काय केलं? देवाच्या आईला आपल्या गल्लीतल्या साध्या बाईचा चेहरा दिला. हीच त्यांची थोरवी." तास संपतो, मुलं वह्या मिटतात. तू नेमकं तेच उलट्या बाजूने केलंस, परक्या देवाच्या आईला आपल्या घरातल्या बाईची जागा दिलीस, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. आणि हे शिकवण्याचा पगार घेते मी.

आणि तू मनमाडला यायचीस. पॅसेंजरने, मांडीवर द्राक्षांची टोपली सांभाळत. माझ्या बाळंतपणात तर महिना-दीड महिना राहिलीस. मुलीला पायांवर घेऊन अंघोळ घालायच्या आधी पहिल्या दिवशी तू मला विचारलंस, "टाळू भरू का हिची?" आपल्याच घरात कोणी असं विचारतं का? तुला माझ्या मान झटकण्याची इतकी सवय झाली होती की नातीच्या डोक्याला तेल लावायलाही तू परवानगी मागितलीस. मी हो म्हटलं. तू तिच्या टाळूवर तेल जिरवत बसायचीस आणि मी खाटेवर पडून बघायचे. त्या दिवसांत मला तुझ्याजवळ यावंसं वाटत होतं. आपल्याही केसांना तेल लाव म्हणावं, असं अगदी ओठावर आलं होतं. पण इतकी वर्षं ताठ धरलेली मान वाकवायची कशी, तेच कळेना. तू परत जायला निघालीस तेव्हा मी तुझ्या पिशवीत शेव-बुंदी भरून दिली आणि कर्तव्य झालं असं समजले.

नाशिकला आले की तुझा एक प्रश्न ठरलेला. "थोरलीला नेती का?" माझंही ठरलेलं. "राहू द्या." पुढेपुढे त्याची थट्टाच झाली. जावई म्हणायचे, "सासूबाई, आम्हाला तरी द्या." तू म्हणायचीस, "तुमची नाय ती, लेकीची हाय." सगळे हसायचे, मीही हसायचे. पण हात पुढे करत नव्हते. घेतलं असतं तर हरल्यासारखं झालं असतं. कोणाशी हरणार होते, देव जाणे.

शेवटी दवाखान्यातही तू तेच विचारलंस. डोळे पिवळे झाले होते, बोलताना धाप लागत होती. माझा हात धरून म्हणालीस, "विजे, ते देव्हाऱ्यातलं... आता ने."

मी म्हटलं, "आधी तुम्ही बऱ्या व्हा. मग बघू."

आजारी माणसाला सगळेच असं म्हणतात. मी मात्र त्यातही टाळतच होते. तू "बरं" म्हणालीस. तो तुझा माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द. तुला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्याची. मी कोपऱ्यात उभी राहून विचार करत होते, 'नेते' म्हणायला मला काय झालं होतं?

तर काल ते नाणं माझ्या हातात आलं. दादा कधी पूजा करत नाहीत, आणि नंतर सुतकात देवांना कोणी शिवलं नव्हतं. म्हणजे त्यावर होतं ते तू दवाखान्यात निघालीस त्या सकाळी लावलेलं कुंकू. ते धुवावं की नाही, मला समजेना. धुतलं तर तुझ्या हातचं शेवटचं पुसलं जाणार, न धुतलं तर तू जिच्यासाठी एवढं केलंस तिला मी कधी बघणारच नाही. शेवटी वाटीत रिठ्याचं पाणी केलं, नाणं त्यात सोडलं आणि मऊ फडक्याने हळूहळू पुटं काढायला लागले. पाणी लाल झालं. दादा खुर्ची ओढून शेजारी बसले.

माई, तिचा चेहरा जसाच्या तसा आहे. कुंकवाच्या थराखाली झाकून राहिला, त्याला काही झालं नाही. नाक, पापण्या, ओठांचा तो गंभीर आकार, डोक्यावरून वाऱ्याने फुगलेला पदर, सगळं मामाने आणलं तेव्हा होतं तसंच. पुसलात म्हणाले होते ना मी? तू तर जपून ठेवलास.

झिजलं आहे ते लेकरू. तिच्या हातातलं. डोकं तर दिसतच नाही, तिथे नुसता गुळगुळीत उंचवटा राहिला आहे.

मी दादांपुढे धरलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि सवयीने बोलायला लागले, "सोनं मऊ असतं. जिथे उठाव जास्त तिथे घासून..." आणि थांबले. बाईचा चेहराही तितकाच वर होता. तो तर घासला गेला नव्हता.

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "तू लग्न होऊन गेलीस ना, त्याच्यानंतरही ती रोज सकाळी देव्हाऱ्यापाशी तुझं नाव घ्यायची. विजे, विजे, म्हणून. मला वाटायचं तुला हाक मारतेय. मी आतून ओरडायचो, अगं, ती मनमाडला आहे! तर म्हणायची, माहितीये मला. तुम्ही पेपर वाचा."

तर हे होतं तुमच्या दोघींतलं. बाईला कुंकू लावायचीस, आणि मग अंगठा लेकरावर फिरवायचीस. रोज. मी तुझ्या हाताखाली डोकं देत नव्हते, म्हणून तू माझ्या आईकडे मागून घेत होतीस. आणि मी तुला दारात उभी राहून विचारलं, मूल मागता का. हो माई, मूलच मागत होतीस. मी समोर उभी होते.

दादा म्हणाले, "तिचा टाक करायचा का गं?" दादा म्हणाले हे, ज्यांनी जन्मभर थोतांड म्हटलं. मी नको म्हटलं. वेगळा टाक कशाला? त्या नाण्यावर तू आहेस. कोणाला दिसणार नाही, पण जिथे काही उरलं नाही तिथे तूच आहेस.

उद्या मी मनमाडला जाते आहे. नाणं बरोबर नेते आहे. उशिरा का होईना, नेते म्हणते आहे. आज सकाळी अंघोळ करून त्याच्यापुढे बसले. कुंकू लावलं, आधी तिला, मग मला. मग केस मोकळे सोडून वाटीतलं खोबरेल तेल थोडंसं त्या गुळगुळीत जागेवर लावलं आणि मान खाली घालून किती तरी वेळ तशीच बसून राहिले.

आता नाही झटकत, माई. ठेव हात.